जुना डबा किती जुना?

१६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे आपल्या देशातील पहिली उतारू गाडी निघाली, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. ती गाडी तीन इंजिने ओढीत होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न हटकून येतो आणि तुमच्यापैकी अनेकांना त्याचे उत्तर पाठ असते.

आता दुसरा प्रश्न. त्या गाडीला चौदा डबे होते आणि त्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते. त्या डब्यांविषयी तुम्हांला काय ठाऊक आहे? ते कोणत्या लाकडाचे होते? बाके कशी होती? खिडक्यांना काचा होत्या की झडपा?

येथे बहुतेकांची गाडी अडते. इंजिनांना नावे असतात, डब्यांना नुसते आकडे. इंजिन धूर सोडते, शिटी वाजवते, म्हणून ते लक्षात राहते. पण माणसे प्रवास करतात ती डब्यात. लोक कसे बसत, कसे झोपत, कोण कोणाशेजारी बसे आणि कोणाला वेगळे बसवीत, हे सारे डबा सांगतो. आणि नेमका हा साक्षीदारच सर्वांत आधी नाहीसा होतो. तो का नाहीसा होतो, उरलेला एखादा वाचवायचा म्हटले तर काय करावे लागते, आणि वाचवल्यानंतर तो खरोखर तोच डबा राहतो काय, ते आता पाहू.

राजाचा डबा उरतो, प्रजेचा नाही

दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ते १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झाले. तेथे १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या भारतभेटीसाठी बांधलेला खास डबा आहे. म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ मधील डबाही आहे. अशा खास डब्याला ‘सलून’ म्हणतात. ही सलूने पाहून डोळे दिपतात.

पण जरा विचार करा. असे सलून एखादेच बांधले जाई. तिसऱ्या वर्गाचे डबे मात्र हजारोंनी बांधले गेले. मग आज जास्त कोणते उरायला हवेत? हिशेबाने तिसऱ्या वर्गाचे. प्रत्यक्षात घडते उलटे. सलून मौल्यवान म्हणून पहिल्या दिवसापासून छपराखाली राहिले, पुसले गेले. साधा डबा उन्हापावसात राबला, म्हातारा झाला आणि भंगारात गेला. त्याचे लोखंड विकले गेले आणि लाकूड जळणाला गेले. ‘असे तर पुष्कळ आहेत’ या एका वाक्याने जगातील कितीतरी वस्तू दुर्मिळ करून ठेवल्या आहेत.

काही डबे मात्र वेगळ्याच मार्गाने वाचले. ब्रिटनमध्ये जुन्या डब्यांची चाके काढून लाकडी धड तेवढे विकण्याची पद्धत होती. लोक ते शेतात किंवा परसात ठेवीत. कोणी त्यात कोंबड्या पाळी, कोणी अवजारे ठेवी, कोणी तर संसारही थाटी. त्यावर पत्र्याचे छप्पर घातले गेले असेल, तर आतला डबा पन्नास-साठ वर्षेसुद्धा टिके. अशाच एका डब्याची गोष्ट पुढे येणार आहे. त्याआधी डब्याचे शत्रू कोण ते ओळखून घेऊ.

लाकूड श्वास घेते

जुना डबा म्हणजे एक वस्तू नव्हे, ती अनेक पदार्थांची एकत्र मांडलेली वस्ती आहे. खाली लोखंडाची किंवा लाकडाची चौकट, तिच्यावर ओक किंवा सागवानाचा सांगाडा, सांगाड्यावर फळ्या, छपरावर रंग पाजलेले जाड कापड, आत गाद्या, घोड्याचे केस, चामडे, काच, पितळ. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि म्हातारपणही निराळे.

सर्वांत चंचल असते लाकूड. झाड तोडल्यावर ते मेले असे आपण समजतो. पण लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतील बाष्प शोषतात आणि सोडतात. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सुरळीत लागते, हा अनुभव तुम्हांला आहेच. हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ होतच नाही. जे होते ते रुंदीत होते.

थोडा हिशेब करू. ओल्या सागवानात सुमारे ३० टक्के पाणी असेपर्यंत ते आकसत नाही. तेथून ते पूर्ण सुकेपर्यंत, वार्षिक वलयांच्या दिशेने कापलेली फळी रुंदीत सुमारे ५.८ टक्के आकसते. म्हणजे पाण्याच्या दर एका टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के. आता २०० मिलिमीटर रुंदीची फळी घ्या. उन्हाळ्यात तिच्यात १२ टक्के पाणी होते, पावसाळ्यात ते १८ टक्के झाले. फरक ६ टक्क्यांचा. तेव्हा फळी ६ × ०.१९, म्हणजे सुमारे १.१ टक्का, अर्थात २ मिलिमीटरहून थोडी जास्त फुगेल. अशा दहा फळ्या शेजारी शेजारी घट्ट ठोकल्या तर दोन सेंटिमीटरहून जास्त जागेची मागणी होईल! ती जागा मिळाली नाही की फळ्या वाकतात, खिळे उपटतात किंवा स्वतः चिरतात. आणि सागवान तर शहाणे लाकूड मानले जाते, इतर अनेक लाकडे याहून जास्त हलतात.

जुन्या सुतारांना ही आकडेमोड येत नसेल, पण तिचे उत्तर ठाऊक होते. म्हणून जुन्या डब्याची बाजू सलग नसते. लहान लहान फळ्या आणि त्यांच्या जोडांवर बसवलेल्या पट्ट्या अशी ती दिसते. आपल्याला ती नक्षी वाटते. खरे तर त्या पट्टीखाली फळीला हलायला जागा ठेवलेली असते.

पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणून डबा वाचवण्याचे पहिले आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे छप्पर. पण नुसते प्लास्टिकचे कापड घट्ट गुंडाळणे हे छप्पर नव्हे. त्याखाली दमट हवा कोंडते, रात्री थंडीने तिचे पाणी होते आणि डबा आतून भिजत राहतो. वर आडोसा आणि बाजूंनी वारा, अशी जागा हवी. आपल्या देशात याखेरीज वाळवी आहे. त्यामुळे डबा जमिनीपासून उंच आणि भोवतालची जागा स्वच्छ ठेवावी लागते.

करून पाहा

सुताराकडून लाकडाचा एक तुकडा आणा. त्याची लांबी आणि रुंदी मोजपट्टीने काळजीपूर्वक मोजा. शाळेच्या तराजूत वजन करा. आता तो चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. लांबी आणि रुंदी यांत किती फरक पडला? मग तो सावलीत सुकवून दर दोन दिवसांनी वजन करा. वजन कमी व्हायचे थांबले की शेवटचे वजन लिहून ठेवा. ओल्या तुकड्याच्या वजनातून हे वजन वजा करा, आलेल्या संख्येला सुक्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. लाकडात किती टक्के पाणी होते त्याचा अंदाज तुम्हांला मिळेल. (हवेत सुकलेल्या लाकडातही थोडे पाणी राहतेच. म्हणून प्रयोगशाळेत ते भट्टीत सुकवतात.) तुकडा उभा चिरलेला आहे की आडवा, हेही टिपून ठेवायला विसरू नका.

लोखंड आणि लाकूड यांचे भांडण

पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिरड्यात टॅनिन असते आणि हिराकस हे लोखंडाचे संयुग. दोन्ही एकत्र आली की काळा रंग तयार होतो. कोऱ्या चहाच्या कपात गंजलेला खिळा रात्रभर ठेवलात तर हाच चमत्कार घरी दिसेल. (तो चहा मात्र ओतून द्या!)

ओकच्या लाकडातही भरपूर टॅनिन असते. त्यात लोखंडी बोल्ट ठोकला आणि पाणी झिरपले, की बोल्टभोवती हीच शाई तयार होते. डबा उघडणाऱ्या कारागिराला बोल्टाच्या भोकाभोवती काळे वर्तुळ दिसते. तेथे बोल्ट बारीक झालेला असतो आणि भोवतालचे लाकूड मऊ पडलेले असते. दोघांनी एकमेकांना खाल्लेले असते. बाहेरून रंग मात्र शाबूत! म्हणून जुना डबा ‘वरून चांगला दिसतो’ या शब्दांवर जाणकार विश्वास ठेवीत नाहीत. ते बारीक टोच्याने जागोजाग टोचून पाहतात.

जेथे लोखंडावर लोखंड असते तेथे वेगळीच गंमत. गंज लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला की तो पाचरीसारखे काम करतो आणि पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. त्यात रिव्हेटसुद्धा तुटतात.

आणि चाके? त्या काळच्या ब्रिटिश डब्यांची कित्येक चाके चक्क लाकडी होती. रिचर्ड मॅन्सेल याने १८४८ साली त्यांचे पेटंट घेतले. मधल्या लोखंडी तुंब्याभोवती सागवानाचे सोळा पाचरीच्या आकाराचे तुकडे आणि बाहेरून लोखंडी किंवा पोलादी धाव. ही चाके कमी आवाज करीत. तुम्ही खेड्यातले असाल तर बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवताना पाहिले असेल. उन्हाळ्यात लाकूड आकसले की ती धाव ढिली होते आणि गाडीवान चाक पाण्यात उभे करतो. रेल्वेच्या डब्याला नदीत उभे करता येत नाही. त्यामुळे अशा चाकांवर डबा चालवायचा असेल तर प्रत्येक तुकडा तपासावा लागतो.

रंगाच्या पोटात इतिहास

डबा मूळचा कोणत्या रंगाचा होता? जुनी छायाचित्रे काळी-पांढरी, त्यांचा येथे उपयोग थोडा. मग उत्तर शोधायचे कोठे? डब्याच्याच अंगावर.

एखादा डबा चाळीस वर्षे चालला तर तो अनेकदा रंगवला गेलेला असतो. नवा रंग जुन्या रंगावर चढतो. फारसे ऊन न लागलेल्या कोपऱ्यातून, बिजागरीच्या मागून किंवा पट्टीच्या खालून तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा कपचा काढतात. तो पारदर्शक राळेत बसवून कडेने घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे रंगांचे थर एकावर एक दिसतात. सर्वांत खाली अस्तर, मग पहिला रंग, वर रोगणाचा पिवळसर थर, त्यावर धुळीची बारीक रेघ, मग दुसरा रंग. कोणत्या साली कोणता रंग होता ते रेल्वेच्या कागदपत्रांशी ताडून पाहता येते.

आता तुमच्या लक्षात येईल, की ‘आधी सगळा जुना रंग खरवडून टाकू’ असे म्हणणारा उत्साही माणूस किती धोक्याचा! एका दुपारी तो शंभर वर्षांचे दप्तर जाळून टाकतो. त्यात दुसरा धोका त्याच्या स्वतःच्या जिवाचा असतो. जुन्या रंगात सफेता, म्हणजे शिशाचे संयुग, असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर विषबाधा होते. ब्रिटनमध्ये १९५० नंतर बांधलेल्या अनेक पोलादी डब्यांत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉस भरलेले होते. त्याचे तंतू श्वासावाटे गेल्याने कर्करोग होऊ शकतो. असे डबे जतन करण्याआधी, खास पोशाख घातलेल्या प्रशिक्षित माणसांकडून ते काढून घ्यावे लागते. तेव्हा एखाद्या यार्डात जुना डबा दिसला तर तो डोळ्यांनी पाहा, खरवडू नका.

परसातून पुन्हा बोगद्यात

आता कबूल केलेली गोष्ट. लंडन शहरात १० जानेवारी १८६३ रोजी जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिचे नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे. त्या काळी भुयारातही वाफेचीच इंजिने धावत! या रेल्वेसाठी १८९२ साली शेफील्डच्या क्रेव्हन्स कारखान्याने एक चारचाकी डबा बांधला. त्याचा क्रमांक ३५३. बाहेरून रोगण दिलेले सागवान. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या डब्यांसाठी सागवान येई ते मुख्यतः ब्रह्मदेशातून आणि आपल्याकडून. म्हणजे लंडनच्या भुयारात आपल्या ओळखीचे झाड फिरत होते.

१९०५ मध्ये मार्गावर वीज आली आणि वाफेच्या गाड्यांचे डबे नकोसे झाले. ३५३ क्रमांकाचा डबा इंग्लंडच्या पश्चिमेकडील वेस्टन, क्लीव्हडन आणि पोर्टिसहेड या एका लहानशा रेल्वेला विकला गेला. ती रेल्वे १९४० साली बंद पडली. मग डब्याचे नुसते धड श्रिव्हनहॅम या गावी जाऊन पडले. त्याला ना चाके उरली, ना रूळ. १९७४ मध्ये ते लंडनच्या वाहतूक संग्रहात आले. तेथेही त्याला बराच काळ थांबावे लागले, कारण जतन करण्यासाठी केवळ इच्छा पुरत नाही. पैसा लागतो, जागा लागते आणि हात लागतात.

अखेर भुयारी रेल्वेची १५० वर्षे जवळ आली, तेव्हा हे काम वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कारखान्याकडे सोपवले गेले. हा कारखाना का? कारण लाकडी डबे बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या तेथे जिवंत होती. सुतारांनी कुजलेले भाग शोधले, चांगले राखले आणि जेथे इलाज नव्हता तेथे नवे लाकूड जोडले. धडाखाली चाके आणि चौकट यांची नव्याने सोय करावी लागली. बाहेर पुन्हा रोगण आले आणि क्रमांकावर सोनेरी वर्ख चढला. जानेवारी २०१३ मध्ये, १८९८ सालच्या एका वाफेच्या इंजिनाबरोबर, हा डबा उतारू घेऊन पुन्हा लंडनच्या बोगद्यांतून धावला. शंभरांहून अधिक वर्षांनी!

तोच की दुसरा?

पण एक शंका मनात येते ना? खालची चौकट त्या डब्याची नाही. लाकूड काही जुने, काही नवे. मग धावला तो १८९२ चा डबा की २०१२ चा?

आता आपल्या देशातील दुसरे उदाहरण पाहा. पटियाला संस्थानात १९०७ साली एक अजब रेल्वे सुरू झाली. तिला रूळ एकच! डब्याचा बहुतेक भार त्या रुळावरच्या चाकांवर असे आणि तोल सांभाळायला एक मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून धावे. १९२७ मध्ये ती बंद पडली आणि विस्मरणात गेली. १९६२ मध्ये रेल्वेचे अभ्यासक मायकेल सॅटो यांना तिचे अवशेष सापडले. उत्तर रेल्वेच्या अमृतसर येथील कारखान्यात तिचे १९०९ सालचे जर्मन बनावटीचे एक इंजिन दुरुस्त करण्यात आले. मुख्य अभियंत्याचा तपासणी डबाही पुन्हा उभारण्यात आला. तो उभारला एका जुन्या चौकटीवर. दोन्ही आज दिल्लीच्या संग्रहालयात आहेत.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवा. लंडनला धड जुने आणि खालचे नवे. दिल्लीला खालचे जुने आणि धड नव्याने उभारलेले. यांतला ‘खरा’ जुना कोणता?

आजीची गोधडी आठवा. एक तुकडा फाटला की ती दुसरा लावते. वीस वर्षांत तिच्यातले बहुतेक तुकडे बदलतात. तरी घरात ती ‘आजीची गोधडी’च असते. पण उद्या कोणी म्हणाले, ‘या गोधडीवरून आपल्या पणजीच्या काळच्या कापडाचा अभ्यास करू’, तर? मग कोणता तुकडा कधीचा ते सांगणारे कोणीतरी हवे. आजी आहे तोवर ठीक. आजीनंतर?

येथेच जतनशास्त्राचा गाभा आहे. बदल करणे हा गुन्हा नव्हे. न सांगता बदल करणे, ही मात्र पुढच्या पिढीची फसवणूक आहे. म्हणून चांगले जतन करणारे तीन नियम पाळतात. पहिला, जेवढे टाळता येणार नाही तेवढेच बदला. खांबाचे टोक कुजले तर टोकच कापून नवे लाकूड तिरप्या सांध्याने जोडा, सारा खांब फेकू नका. दुसरा, केलेले काम पुढे कोणाला उलगडता आले पाहिजे. पारंपरिक सरेस कोमट पाण्याने सैल होतो, पण आधुनिक राळेने चिकटवलेला सांधा लाकूड फोडल्याशिवाय सुटत नाही. तिसरा, सारे लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र, प्रत्येक मापाचा आराखडा आणि नव्या तुकड्यावर, न दिसेल अशा बाजूला, वर्षाचा शिक्का.

चालवावा की थांबवावा?

एवढे झाले तरी सर्वांत अवघड निर्णय राहतोच. डबा चालवायचा की नुसता पाहण्यासाठी ठेवायचा?

इंग्लंडमध्ये यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात व्हिक्टोरिया राणीचा १८६९ सालचा डबा आहे. मूळचे ते सहा-सहा चाकांचे दोन डबे होते. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मध्ये भात्यासारखा लवचिक मार्ग होता. १८९५ मध्ये दोन्ही जोडून बारा चाकांचा एकच डबा केला गेला. आत रेशमी अस्तर आणि गाद्या. हा डबा चालवला जात नाही. आत कोणाला बसूही देत नाहीत, खिडकीतून पाहायचे. रेशमाचा शत्रू तर नुसता प्रकाशसुद्धा असतो. प्रकाशाची ऊर्जा रंगाचे आणि धाग्याचे रेणू तोडते. म्हणून संग्रहालयात अशा कापडावर साधारण ५० लक्सहून जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने, उन्हातला एक तास हा संग्रहालयातील २,००० तासांबरोबर! रोज आठ तास धरले तर २५० दिवस झाले.

उलट बाजूही खरी आहे. न चालणारा डबा आपल्याला सारे सांगत नाही. सांध्यावरून जाताना लाकूड कसे करकरते, गॅसच्या मंद दिव्यात माणसे कशी दिसत असतील, हे थांबलेल्या डब्यात कळत नाही. शिवाय डबे चालवणारी जागा असली की ते दुरुस्त करणारे हातही टिकतात. बॉस्टन लॉजचे सुतार नसते, तर ३५३ क्रमांकाचा डबा कदाचित अजून पडून असता.

मात्र चालवायचा तर माणसांच्या जिवाची जबाबदारी येते. लाकडी डब्यांची टक्कर झाली तर एक डबा दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळ्यांसारखा घुसतो, हे जुन्या अपघातांनी फार मोठी किंमत घेऊन शिकवले आहे. म्हणूनच आपल्याकडे पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून संपूर्ण पोलादी डबे बांधू लागले. वारसा म्हणून लाकडी डबे चालवणाऱ्या ब्रिटनमधील बहुतेक छोट्या रेल्वेंवर वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर असते. आसांची तपासणी श्राव्यातीत ध्वनीने करतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. आसाच्या एका टोकातून सोडलेला स्पंद दुसऱ्या टोकावरून परत यायला ठरावीक वेळ लागतो. त्याआधीच एखादा प्रतिध्वनी आला, तर वाटेत तडा आहे असे समजावे.

तेव्हा उत्तर एकच नाही. ज्याचे मूळ साहित्य अजून शाबूत आहे आणि ज्याच्या जोडीचा दुसरा नाही, तो थांबवावा. ज्याचे पुष्कळसे आधीच गेले आहे, तो जपून चालवावा. पण हा निर्णय घेण्याआधी आपण नेमके काय वाचवत आहोत, लाकूड, आकार, कारागिरी की प्रवासाचा अनुभव, हे स्वतःशी स्पष्ट केले पाहिजे. चारही एकाच डब्यात पूर्णपणे वाचत नाहीत.

तुमच्या डोळ्यांसमोर

आता आपल्या घराजवळ येऊ. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी सुरू झाली. तिला सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, पण धडे बांधली आपल्या माटुंगा कारखान्यातील कारागिरांनी. १९६६ मध्ये त्या गाडीला पेरांबूरचे पोलादी डबे लागले आणि २०२२ मध्ये तेही जाऊन नव्या पद्धतीचे डबे आले.

पेरांबूरच्या त्या जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. तुमच्या आईवडिलांचा, आजी-आजोबांचा बहुतेक प्रवास त्यांतूनच झाला. पूर्वी दुसऱ्या वर्गाची बाके नुसत्या लाकडी फळ्यांची असत. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी त्यांवर दोन इंच जाडीची गादी आणली. करोडो लोकांच्या पाठीला त्यामुळे आराम मिळाला. तरी त्या लाकडी बाकाची नेमकी उंची, फळ्यांची रुंदी, दोन फळ्यांमधली फट आज तुमच्यापैकी कोणाला सांगता येईल काय?

हे डबे आज हजारोंनी भंगारात जात आहेत. काहींची उपाहारगृहे झाली आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारातही २०२१ मध्ये असे एक सुरू झाले. श्रिव्हनहॅमच्या डब्याची आठवण झाली ना? कोणी सांगावे, उद्याच्या संशोधकाला त्यांतलाच एखादा सापडेल.

तुम्हांला डबा विकत घेता येणार नाही, ठेवायला जागाही नाही. पण एक काम तुम्ही करू शकता. पुढच्या प्रवासात एक वही आणि मोजपट्टी बरोबर घ्या. गाडी सुरक्षित उभी असताना, किंवा आपल्या जागेवर बसल्या बसल्या, बाकाची उंची आणि रुंदी मोजा. खिडकीचा आकार काढा. डब्यावर कारखान्याचे नाव आणि वर्ष कोठे लिहिले आहे ते शोधा. घरी आल्यावर आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी काय वेगळे होते. तेही तारखेसह लिहून ठेवा.

१८५३ च्या त्या चौदा डब्यांत बसलेल्या चारशे पाहुण्यांपैकी एखाद्याने जर बाक मोजून ठेवले असते, तर आज आपल्याला अंदाज करीत बसावे लागले नसते.